स्टँडवर तू गाडी घेऊन येणार होतीस

नलू,

तुझी बातमी मुंबईला मी कळवली. दुसऱ्या कुणी नाही, मी. हे आधी सांगून टाकते, कारण त्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही.

एक्स्चेंजला दुपारची ड्युटी होती. जेवणाच्या वेळेनंतर ट्रंकचा बोर्ड जरा गप्प असतो. शेजारच्या बाईंनी मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी आणल्या होत्या, त्यातली एक माझ्या तोंडात होती. बुकिंगची लाइन आली म्हणून हेडफोन सारखा केला. एक बाई बोलत होती. मुंबई हवी, जहाज कंपनीची कचेरी, लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा. आवाज ओळखीचा वाटला, पण ओळख पटेना, कारण तुझ्या सासूबाई फोनला कधी हात लावत नाहीत. मी नेहमीसारखं विचारलं, कोण बोलतंय.

"शैला का गो? मी मांडवीची काकी. नलू गेली."

आणि मी विचारलं, "कुठं गेली?"

खरंच विचारलं, नलू. मला वाटलं, गाडी घेऊन एकटीच कुठं निघून गेलीस आणि आता शोधाशोध चाललीय. मला रागसुद्धा आला, की आम्हाला न घेता गेलीस.

"कुठं म्हणजे? गेली ती. ताटं उचलता उचलता पडली. डॉक्टर येऊन बघून गेले. तू आधी कॉल लाव. अशोकला कळवायचंय."

मी कॉल लावला. हातांना सवय असते, ते कुणाला विचारत नाहीत. मुंबई मिळाली, पण लाइनवर नुसती खरखर. काकींचा आवाज तिकडे पोचेना. कचेरीतला माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता, जोरात बोला, कोण वारलं, जोरात बोला. काकी जोरात बोलू शकत नव्हत्या. पार्टीचा आवाज पोचत नसला तर ऑपरेटरने मधे निरोप सांगायचा, ही आमची रीत. तेव्हा मी सांगितलं. माझ्या ड्युटीच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून. पार्टी म्हणते, अशोक यांची पत्नी नलिनी आज दुपारी वारली, जहाजावर निरोप पाठवा. त्याने विचारलं, पत्नी की आई? मी म्हटलं, पत्नी. नलिनी. न, लि, नी.

तुझं मरण मी पहिल्यांदा उच्चारलं ते असं, अक्षरं फोडून.

काकींनी विचारलं, "पोचलं का गो?" मी म्हटलं, पोचलं. मग त्यांनी फोन ठेवला. पुढची लाइन खेडची होती, कुणा व्यापाऱ्याला आंब्याच्या पेट्या निघाल्या का ते विचारायचं होतं. मी तोही कॉल लावला. नंतर कधीतरी शेजारच्या बाईंनी माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला.

ती कैरीची फोड मी गिळली की थुंकली, मला आठवत नाही.

सगळे म्हणतात, रड. आपली फातू रोज येते, शाळेत शिकवून झालं की मिरकरवाड्याहून तडक, आणि माझ्याकडे बघून तीच रडते. मला रडू येत नाही. मला अजून कळलेलंच नाहीये. डॉक्टरांनी सांगितलं डोक्यातली शीर फुटली, हे मला कळलं. ते वाक्य मराठीत आहे, समजतं. पण त्या वाक्यात तू कुठून आलीस? आदल्या रविवारी तर तू पावसच्या चढावर गाडी थांबवून, खाली उतरून, एका म्हशीला बाजूला हो म्हणून समजावत होतीस.

तुझा चेहरा बघण्याआधी मला तुझा आवाज माहीत होता. अशोकभावजी बोटीवर, कुठल्या कुठल्या बंदरातून त्यांचा फोन मुंबईमार्गे यायचा, आणि तो यायचा तुमच्या शेजाऱ्यांकडे. तू दर दोन-तीन दिवसांनी एक्स्चेंजला विचारायचीस, आमचा परदेशचा कॉल आहे का हो? नाही म्हटलं तरी आभार मानायचीस. ट्रंकवर आभार कुणी मानत नाही. एकदा मी म्हटलं, आला की मीच तुमच्याकडे निरोप पाठवीन, मांडवीतच राहते मी. दुसऱ्या दिवशी तू माझ्या दारात उभी होतीस, हातात फणसाचे गरे घेऊन. लांज्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. समुद्राकाठी लग्न करून आलेली, आणि समुद्राला घाबरणारी.

मूलबाळ नव्हतं. त्याची चर्चा गावाला फार होती, तुला कमी. तुला चिंता होती ती गाडीची.

भावजींनी सुट्टीत जुनी फियाट घेतली, आठवडाभर मिरवली आणि नारळाच्या झापांच्या मांडवाखाली झाकून ठेवून बोटीवर गेले. जाताना सांगून गेले, उभी राहिली की बॅटरी उतरते, रविवारी कुणाकडून तरी चालू करून घेत जा. ते "कुणाकडून तरी" तुला खटकलं. महिनाभर तू कुणाकुणाच्या पाया पडलीस, आणि मग एक दिवस मला म्हणालीस, मी शिकते.

फातूचा भाऊ बंदरावर बर्फाचा टेम्पो चालवायचा. त्याने तुला शिकवलं. सकाळी मैदानात तू चालवायचीस आणि तो शेजारचं दार अर्धं उघडं ठेवून, एक पाय बाहेर काढून बसायचा, वेळ आली तर उडी मारता यावी म्हणून. फातू आणि मी कठड्यावर बसून हसत असू. परीक्षा देऊन लायसन्स आणलंस त्या दिवशी मात्र तू आम्हाला ते हातात घेऊ दिलं नाहीस. लांबून दाखवलंस. फोटोत तुझा पदर डोक्यावरून होता आणि डोळे असे, जणू फोटोवाल्याने काहीतरी भयंकर सांगितलंय.

बॅटरीसाठी म्हणून आपण निघायचो. काकींना सांगायचो, मांडवीतच एक चक्कर. मग ती चक्कर वाढली. पावस झालं. मग निवळीवरून गणपतीपुळं झालं, मी घरी देवदर्शन म्हणून सांगितलं आणि खरंच दर्शन घेतलं, खोटं नको म्हणून. तू रिकाम्या वळणावरसुद्धा हॉर्न द्यायचीस. समोरून एसटी आली की गाडी कडेला घेऊन पूर्ण थांबायचीस आणि म्हणायचीस, आधी तिला जाऊ दे, ती सरकारी आहे. दुसऱ्या गिअरमध्ये आपण अख्खा जिल्हा बघू, असं फातू म्हणायची.

किनाऱ्यावर पोचलं की फातू आणि मी पाण्यात, आणि तू आमच्या चपला सांभाळत वाळूत. मी समुद्रावर वाढलेली, मला ते बघवायचं नाही. मी तुला ओढायची. तू घोट्यापर्यंत यायचीस, लाट आली की माझं मनगट इतकं घट्ट धरायचीस की वळ उठायचे. शहाळी प्यायचो, तुझ्या डब्यातले घावन खायचो, आणि ऊन उतरायच्या आत परत. एवढंच करायचो आपण. कुणाला सांगायला गेलं तर काहीच नाही. आणि आता मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी कुठं गेले असेन तर तिथंच.

मालगुंडचं मी काल फातूला पुन्हा सांगत होते. ती तिथं असूनसुद्धा तिने मला सांगू दिलं.

ओहोटी होती. ओली वाळू फरशीसारखी घट्ट. तू काच खाली करून बघितलंस आणि म्हणालीस, डांबरापेक्षा ही बरी. आम्ही नको म्हणायच्या आत गाडी खाली. त्या दिवशी तू पहिल्यांदा चौथा गिअर टाकलास. नलू, तू ओरडत होतीस, तुला आठवतंय? शब्द नव्हते त्यात. एका बाजूला समुद्र, एका बाजूला सुरूची झाडं, समोर कुणी नाही, आणि तू ओरडत होतीस. मग वळायला म्हणून तू गाडी वर घेतलीस आणि मागची चाकं भुसभुशीत वाळूत बसली.

जितकी रेस दिली तितकी ती रुतत गेली. आम्ही ढकललं, चाकांखाली झावळ्या घातल्या. भरती लागली होती. पाणी येताना घाई करत नाही, पण थांबतही नाही. फातू म्हणाली, गाडी राहू दे, नले, बाहेर ये. तू स्टिअरिंग धरून बसून राहिलीस. पहिली लाट मागच्या चाकाला लागली तेव्हा मी दार उघडून तुझा हात ओढला. तू माझ्याकडे बघितलंस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "ही बुडाली तर मी परत कुठंच जाणार नाही, शैला." समुद्राला घाबरणारी तू, पाणी दारापर्यंत आलेलं, आणि तू हलत नव्हतीस. तेव्हा मला कळलं की हे बॅटरीचं प्रकरण नाही.

थोड्या अंतरावर रापण चालली होती. पंधरा-वीस माणसं दोन्हीकडून दोर धरून जाळं काठाला ओढत होती. फातू धावत गेली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने गाडीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि काही न विचारता निम्मी माणसं घेऊन आला. जाड काथ्याचा दोर पुढच्या बंपरखाली बांधला आणि त्यांनी फियाट ओढली, जशी रापण ओढतात तशी, कमरेत वाकून, त्याच हाकाऱ्यावर, उलट्या पावलांनी. गाडी वर आली. तू बाहेर आलीस. तू म्हाताऱ्याला विचारलंस, तुम्हाला काय देऊ? तो म्हणाला, "द्यायचं काय? आमचं जाळं तिकडं अर्ध्यात राहिलंय. चला, दोर धरा."

आपण तिघींनी दोर धरला. फातूला सराव होता, तुझ्यामाझ्या तळव्यांची सालं निघाली. जाळं काठाला लागलं तेव्हा त्यांनी वाटे घातले, आणि आपलाही एक घातला. मी नको म्हणाले तर म्हातारा चिडला. दोराला हात लावला त्याला वाटा, म्हणाला. येताना मागच्या सीटखाली बांगडे होते, गाडीभर वास, आणि तू पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावळणावर हॉर्न देत.

काकींनी ते बांगडे हातात घेतले, कल्ले उघडून बघितले, वास घेतला. बाजारातले नव्हेत, एवढंच म्हणाल्या. त्यांचं तिखलं, तिखट कालवण केलं, आपल्याला वाढलं, एक शब्द विचारला नाही. तुझी रात्र कशी गेली असेल ती तूच जाणे. पुढच्या रविवारी आपण निघायला आलो, तर काकी नऊवारी नेसून, केसात अबोलीचा वळेसर घालून पुढच्या सीटवर बसलेल्या. "मला जयगडाकडं न्या," म्हणाल्या. "माहेर बघून फार वर्षं झाली."

त्यांच्या माहेरच्या किनाऱ्यावर त्यांनी पाण्यात जाऊन बसकण मारली, लुगड्यासकट. लाट आली की हसायच्या. आणि त्यांनी तुला हाक मारली. मी वर्षभर ओढून तू घोट्यापलीकडे आली नव्हतीस, पण सासूने बोलावलं म्हणून तू गेलीस. गळ्यापर्यंत. त्यांनी तुझा हात धरला होता. मी चपला सांभाळत काठावर उभी राहिले, त्या दिवशी मीच.

परत येताना काकी म्हणाल्या, अशोकला कळवायची घाई नको. तू मान हलवलीस.

तिथूनच आपला वाद सुरू झाला. मी म्हणत होते, भावजींना सांग. ते तसे नाहीत. दरवेळी फोनवर पहिलं वाक्य ते तुझ्या तब्येतीचं विचारतात, मी ऐकलंय, ऐकायचं नसतं तरी ऐकलंय. तू हसून म्हणायचीस, तू त्यांचे फोन जोडतेस, मी त्यांच्याशी लग्न केलंय. मी म्हणायची, निदान पत्रात लिही. तू म्हणायचीस, पत्राला उत्तर येतं. त्यात नको असं लिहिता येतं.

त्या शेवटच्या रविवारी, पावसहून येताना, तू तुझा बेत सांगितलास. या महिन्यात ते सुट्टीवर येणार होते. तू गाडी घेऊन एसटी स्टँडवर जाणार होतीस. ते उतरतील, बॅगा खाली ठेवतील, गाडी बघतील, ड्रायव्हर कुठंय विचारतील. तू पुढचं दार उघडशील आणि म्हणशील, बसा.

"हातात दोन बॅगा आणि डोक्यावर ऊन असताना कोण नको म्हणेल, शैला?"

मी म्हटलं, हा बेत झाला, सांगणं नव्हे. तुला राग आला. खरा राग. माझ्या दारात मला उतरवलंस आणि तू इंजिन बंद केलं नाहीस, नेहमी करतेस तसं. म्हणालीस, पुढच्या रविवारी बोलू. मी म्हटलं, बोलू की.

आता काय करू मी या "बोलू की"चं?

त्या दिवशी ड्युटी दुसरीला देऊन मी पोचले तेव्हा तुला ओटीवर ठेवलं होतं. तू दमून झोपल्यासारखी वगैरे दिसत नव्हतीस, लोक उगीच म्हणतात. तू दुसरीच कुणी दिसत होतीस. फक्त हात तुझे होते. उजवा हात डाव्यापेक्षा कोपरापर्यंत काळवंडलेला, गाडीच्या खिडकीत ऊन लागून लागून. जमलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, हा हात असा का? काकींनी तुझा पदर ओढून त्या हातावर घातला आणि म्हणाल्या, वाळवणं घालते ना, उन्हात असते.

त्या क्षणीसुद्धा तुझं गुपित त्यांनी राखलं. मी भिंतीला टेकले. रडावं असं तेव्हा एकदाच वाटलं, आणि तेही आलं नाही.

तुझा भाऊ लांज्याहून आला, त्याने सगळं केलं. भावजींची वाट बघणं शक्यच नव्हतं. निरोप मिळाला तेव्हा त्यांची बोट भर समुद्रात होती. पुढचं बंदर, मग विमान, मग मुंबई. मुंबईहून त्यांचा फोन आला तो मीच जोडला. त्यांनी तुझ्या तब्येतीचं विचारलं नाही. एसटीची वेळ सांगितली फक्त.

स्टँडवर फातू आणि मी गेलो. काकींनीच सांगितलं, तुम्ही दोघी जा. एसटी उभी राहिली, माणसं उतरली, आणि सगळ्यांच्या शेवटी ते उतरले. दोन बॅगा होत्या, तू म्हणाली होतीस तशाच. त्यांनी त्या खाली ठेवल्या आणि आजूबाजूला बघितलं. कुणालाच शोधत नव्हते ते. आपण कुठं आलो, एवढंच बघत होते. फातू दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. मी रिक्षा बोलावली.

घरी ते काकींच्या पाया पडले, पाणी प्यायले, उठले आणि अंगणात गेले. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, हातांना काहीतरी हवं होतं. त्यांनी फियाटवरचं कापड काढलं. दार उघडलं आणि आत बसायला गेले. बसता येईना. गुडघे स्टिअरिंगला आडवे येत होते.

ते तसेच अर्धे आत, अर्धे बाहेर थांबले. मग खाली बघितलं. सीट अगदी पुढे ओढलेली होती, आणि तिच्यावर घडी घालून ठेवलेली जुनी गोधडी, उंचीसाठी.

"ही सीट कुणी पुढे घेतली?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, काकी पुन्हा काहीतरी सांगतील, वाळवणासारखं. काकी पायरीवर आल्या.

"नलूनं," म्हणाल्या. "ती चालवायची."

भावजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. कुठवर, त्यांनी विचारलं. तेव्हा मी सांगितलं. पावस सांगितलं, पुळं सांगितलं, मालगुंड सांगितलं, रापणीचा दोरसुद्धा सांगितला. जयगड सांगितलं तेव्हा ते काकींना म्हणाले, "आई, तुला माहीत होतं?"

"मी पुढं बसायची," काकी म्हणाल्या.

शेजारच्या आवारात कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. मी मनात तुझ्याशी बोलत होते, नलू. बघ, म्हणत होते, मी सांगत नव्हते का, ते तसे नाहीत, आता बघ ते काय म्हणतात.

आणि ते म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं."

रागाने नाही. स्वतःलाच आत्ता कळल्यासारखं, समोरच्या काचेकडे बघत.

"म्हणूनच नाही विचारलं," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.

तर तुझं खरं होतं, नलू. तू ओळखून होतीस आणि मी नव्हते. एवढं मला तुझ्या तोंडावर मान्य करायचं होतं, तुझ्या अंगणात, तुझ्या चहाबरोबर, तू जरा जास्तच हसत असताना. तुझं ते हसू मला आत्ता हवंय. या वाक्यापाशी येऊन मला पहिल्यांदा कळतंय, की ते येणार नाही.

मी निघाले तेव्हा भावजी गाडीतच होते. पाय कसेबसे आत घेऊन, गुडघे स्टिअरिंगला दाबून, तुझ्या गोधडीवर बसलेले. सीटखालचा खटका ओढला असता तर सीट मागे गेली असती. गाडी त्यांची, त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी तो ओढला नाही.